प्रवाशाची माहिती : ठेव की माल?

शहराच्या वाहतुकीचे नियोजन करावयाचे तर त्या शहरातील माणसे कोठून कोठे, केव्हा आणि कशासाठी जातात, हे आधी ठाऊक असावयास हवे. हे विधान इतके सरळ आहे की, त्यात वादाला जागा असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु ही माहिती आकाशातून पडत नाही. ती कोणा तरी माणसाला विचारून, किंवा अलीकडे त्याला न विचारताच, मिळवावी लागते. ज्या क्षणी ती कागदावर किंवा संगणकात उतरते, त्या क्षणी ती केवळ शहराची माहिती राहत नाही; ती त्या माणसाचीही माहिती होते. तो सकाळी किती वाजता घर सोडतो, कोठे उतरतो, महिन्याला किती कमावतो आणि रात्री किती वाजता परततो, हे सारे त्यात येते. नियोजनासाठी दिलेली ही माहिती ज्याने दिली त्याचीच ठेव मानावयाची, की ज्याने गोळा केली त्याचा माल, हा प्रश्न आता अधिक काळ टाळता येण्याजोगा नाही.

या प्रश्नाकडे बहुधा दोन टोकांवरून पाहिले जाते. नियोजनकर्त्यांना वाटते, गोपनीयतेचा फार बाऊ केला तर आकडेच मिळणार नाहीत आणि आकड्यांवाचून बसचा एक मार्गही आखता येणार नाही. उलट, नागरी हक्कांचा कैवार घेणाऱ्यांना प्रत्येक प्रश्नावलीत पाळत दिसते. दोन्ही बाजूंच्या हातून एक साधी गोष्ट निसटते. लोकांच्या विश्वासावाचून मिळविलेली माहिती मुळात खरीच नसते. गोपनीयता ही नियोजनाच्या वाटेतील धोंड नव्हे; ते नियोजनाचे भांडवल आहे.

प्रश्नावलीचा जन्म

घरोघर जाऊन प्रवासाची पाहणी करण्याची पद्धत तशी जुनी नाही. अमेरिकेत १९४४ मध्ये तेथील सार्वजनिक रस्ते विभागाने घरी जाऊन मुलाखती घेण्याची पद्धत काही शहरांत वापरावयास सुरुवात केली. मोटारींच्या वाढत्या संख्येसाठी रस्ते कोठे बांधावेत, हा तिच्यामागील प्रश्न होता. पुढील दशकात शिकागो शहराच्या वाहतूक अभ्यासाने या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले. शहराचे लहान लहान विभाग पाडावयाचे, प्रत्येक विभागातून नमुन्यादाखल काही कुटुंबे निवडावयाची, त्या कुटुंबांतील प्रत्येक माणसाच्या एका दिवसाच्या सर्व फेऱ्या नोंदवावयाच्या आणि मग त्या उत्तरांना योग्य त्या गुणकाने गुणून साऱ्या शहराच्या प्रवासाचा अंदाज बांधावयाचा, अशी ही रीत. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय प्रवास पाहणी १९६५ पासून सुरू झाली आणि तीत भाग घेणारी कुटुंबे आठवडाभराच्या प्रवासाची रोजनिशी लिहितात.

मुंबईची या शास्त्राशी पहिली मोठी ओळख १९६२-६३ च्या सुमारास झाली. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने त्या वेळी मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला. शहराच्या कडेने द्रुतगती मार्ग बांधावेत ही कल्पना त्या अभ्यासात ठळकपणे आली आणि पुढील अर्धशतकभर ती मुंबईच्या नियोजनावर छाया धरून राहिली. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ साली पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासासाठी सुमारे ६६,००० कुटुंबांच्या मुलाखती घेण्यात आल्या. महानगर प्रदेशातील निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, हे त्या अभ्यासाने आकड्यांत मांडले. ज्या शहरात पदपथ हा फेरीवाल्यांच्या आणि खोदकामाच्या वादांत हरवलेला विषय आहे, तेथे ही नोंद लहान नव्हे. पाहणी नीट झाली तर ती आवाज नसलेल्यांच्या बाजूने बोलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु याच उदाहरणात दुसरा एक हिशेब दडलेला आहे. त्या वेळी महानगर प्रदेशाची वस्ती दोन कोटींच्या घरात होती. सरासरी साडेचार माणसांचे एक कुटुंब धरले तर कुटुंबांची संख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास जाते. म्हणजे ढोबळमानाने पाहणीतील प्रत्येक कुटुंब सत्तरएक कुटुंबांच्या वतीने उत्तर देत होते. एका कुटुंबाने दार लावून घेतले किंवा भीतीपोटी खोटे उत्तर दिले, तर ते खोटे सत्तरपटीने मोठे होऊन नियोजनकर्त्याच्या टेबलावर येते. नमुना पाहणीच्या शास्त्रात विश्वासाला किती मोल आहे, ते या साध्या गुणाकारावरून कळावे.

दारावरचा माणूस

पाहणीत काय विचारले जाते, हे एकदा बारकाईने पाहण्यासारखे आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, प्रत्येकाचे वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, घरातील वाहने, महिन्याचे उत्पन्न, कामाच्या किंवा शाळेच्या ठिकाणाचा पत्ता, आणि आदल्या दिवशीची प्रत्येक फेरी, निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ, वाहन व भाडे यांसह. यांतील एकेक प्रश्न निरुपद्रवी आहे. वयावरून आणि उत्पन्नावरून प्रवासाच्या गरजा बदलतात, हे विचारणाऱ्याला ठाऊक हवेच. परंतु सारी उत्तरे एकत्र ठेवली की, घर कोणत्या वेळी रिकामे असते, मुलगी शिकवणीहून किती वाजता एकटी परतते, घरातील आजारी माणूस आठवड्यातून कितीदा कोणत्या रुग्णालयात जातो, हे सगळे एका कागदावर येते. शेजाऱ्यालाही जे सांगितले नसते, ते दारावर आलेल्या अनोळखी तरुणाला दहा मिनिटांत सांगावे, अशी ही अपेक्षा असते.

आणि तो तरुण असतो कोण? प्राधिकरण काम सल्लागार संस्थेला देते, सल्लागार संस्था पाहणीचे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपविते आणि ती संस्था दर अर्जामागे ठराविक रक्कम देऊन मुले नेमते. उत्तरांची खातरजमा करावयाची म्हणून दूरध्वनी क्रमांक घेतला जातो. खातरजमा झाल्यावर तो क्रमांक पुसला जातो की नाही, हे विचारण्याची सोय दार उघडणाऱ्याकडे नसते. माहितीची मालकी प्राधिकरणाची, हाताळणी कंत्राटदाराची आणि जोखीम मात्र प्रवाशाची, अशी ही वाटणी आहे.

मुंबईच्या झोपडवस्तीत तर 'सर्वे' या शब्दाला निराळाच इतिहास आहे. १९७६ साली झोपड्यांची गणती होऊन छायाचित्रांचे ओळखपत्र, म्हणजे फोटोपास, देण्यात आले, तेव्हापासून कोणाचे नाव कोणत्या यादीत आहे यावर घर राहणार की जाणार हे ठरत आले. पुढे पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ आणि त्यानंतर १ जानेवारी २००० या तारखा आल्या. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले, तेही पाहणीच्या याद्यांच्या आधाराने. ज्या वस्तीने दोन पिढ्या 'सर्वे' म्हणजे पात्र की अपात्र हेच अनुभवले, तेथे एखादा तरुण हातात पाटी घेऊन येतो आणि विचारतो, 'घरात किती माणसे? महिन्याचे उत्पन्न किती?' हा प्रश्न बसमार्गासाठी आहे असे त्याने कितीही सांगितले, तरी ऐकणाऱ्याला त्यात शिधापत्रिका, घराचा पुरावा आणि पाडकामाची गाडी हेच ऐकू येते. मग उत्पन्न कमी सांगितले जाते, माणसे जास्त किंवा कमी सांगितली जातात, भाडेकरू भाऊ होतो आणि रात्रपाळीची नोकरी गाळली जाते. यात लबाडी पाहणे अन्यायाचे होईल. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे फार थोडे असते, तो ते जपून ठेवतो, इतकेच.

समजा, गोवंडीतील एखादी बाई पहाटे साडेपाचला निघते, चेंबूरला दोन घरची धुणीभांडी करते, तेथून तिसऱ्या घरी पायी जाते, दुपारी मुलाला शाळेतून आणते आणि संध्याकाळी पुन्हा कामाला जाते. पाहणी करणारा अकरा वाजता येतो तेव्हा ती घरी नसते. तिच्या वतीने नवरा किंवा सासू उत्तर देते आणि सांगते, 'घरीच असते, थोडेफार काम करते.' तिच्या पाच फेऱ्यांची एक होते, किंवा एकही उरत नाही. पुढे पहाटेच्या बसला प्रवासी नाहीत असा निष्कर्ष निघतो आणि ती गाडी 'तोट्यातील' ठरून बंद होते. नियोजनाच्या कागदावर अशी बाई अस्तित्वातच नसते. गोपनीयतेची हमी ही सुशिक्षितांची चैन आहे, गरिबाला कसली आली गोपनीयता, असे म्हणणाऱ्यांनी हा परिणाम लक्षात घ्यावा. हमी नसल्याची सर्वांत मोठी किंमत गरीबच देतो. कधी माहिती उघड झाल्यामुळे आणि कधी ती न दिल्यामुळे.

न विचारता मिळणारी माहिती

घरोघरच्या पाहणीत निदान विचारले तरी जाते. नाही म्हणावयाची मोकळीक निदान तत्त्वतः असते. गेल्या काही वर्षांत मात्र वाहतूक संस्थांना माहितीचा दुसरा आणि कितीतरी मोठा झरा सापडला आहे. बसच्या कंडक्टरने फाडून दिलेल्या कागदी तिकिटावर प्रवाशाचे नाव नसे. ते तिकीट कोणाचे, हे ते फेकून दिल्यावर देवालाही सांगता आले नसते. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली, तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी असा निनावी प्रवास केला. पास काढणाऱ्याची ओळख नोंदली जाई खरी, पण त्याने कोणत्या दिवशी कोणती गाडी धरली याची नोंद कोठेच होत नसे. कार्ड, मोबाइलवरचे तिकीट आणि फाटकावरचे यंत्र आल्यापासून ही स्थिती पालटली. आता प्रत्येक चढउताराची वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते आणि ती एका क्रमांकाला, बहुधा मोबाइल क्रमांकाला, चिकटून राहते.

या नोंदीचा उपयोग नाकारता येणार नाही. लंडनच्या वाहतूक संस्थेने २०१६ च्या अखेरीस चार आठवडे ५४ भुयारी स्थानकांवर एक प्रयोग केला. प्रवाशांच्या मोबाइलमधून बिनतारी जाळ्याकडे जाणारे संकेत टिपून माणसे स्थानकांतून कशी फिरतात, हे त्यात पाहण्यात आले. ५६ लाख यंत्रांकडून ५० कोटींहून अधिक नोंदी मिळाल्या. किंग्ज क्रॉस आणि वॉटर्लू या दोन स्थानकांमध्ये प्रवासी तब्बल अठरा निरनिराळ्या वाटांनी जातात, हे त्यातून दिसले. प्रवेशाच्या आणि बाहेर पडण्याच्या फाटकांवरच्या नोंदींतून मधली वाट कधीच कळली नसती. गर्दी कोठे वळवावी, जिना कोठे रुंद करावा, यासाठी ही माहिती मोलाची आहे. संस्थेने स्थानकांवर फलक लावून प्रवाशांना कल्पना दिली होती आणि ज्याला नको असेल त्याने मोबाइलमधील ती सोय बंद ठेवावी, असे सुचविले होते. त्याच संस्थेने कार्डावरील प्रवासाच्या नोंदी ठराविक आठवड्यांनंतर कार्डापासून तोडून निनावी करण्याचा नियमही ठेवला आहे. परंतु याच प्रयोगाच्या अहवालात, या माहितीतून स्थानकांतील जाहिरातींच्या जागांचे मोल अधिक अचूक ठरविता येईल, हाही एक लाभ म्हणून नमूद होता. गर्दीसाठी घेतलेली माहिती जाहिरातीकडे वळावयास किती लहान पाऊल पुरते, हे त्यावरून दिसावे.

नाव पुसले म्हणजे ओळख पुसली?

वाहतूक संस्थांचे ठरलेले उत्तर असे असते की, नावे काढून टाकली आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही. हे उत्तर किती तकलादू आहे, ते मेलबर्नमध्ये सिद्ध झाले. व्हिक्टोरिया राज्याच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २०१८ साली संशोधकांच्या एका स्पर्धेसाठी 'मायकी' या प्रवासकार्डाच्या नोंदी खुल्या केल्या. तीन वर्षांतील, दीड कोटीहून अधिक कार्डांच्या, सुमारे १८० कोटी नोंदी त्यात होत्या. नावे नव्हती, कार्डांचे मूळ क्रमांकही बदललेले होते. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी प्रथम आपल्याच प्रवासाच्या एकदोन वेळा आठवून आपली कार्डे त्या ढिगातून शोधून काढली. मग आपल्याबरोबर प्रवास करणाऱ्या सहकाऱ्याचे कार्ड सापडले. शेवटी एका लोकप्रतिनिधीने आपल्या रेल्वेप्रवासाविषयी समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिलेल्या मजकुराच्या आधारे त्याचेही कार्ड ओळखता आले आणि त्याचा तीन वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहिला. राज्याच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये या प्रकरणी गोपनीयतेच्या कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. माणसाचा प्रवास हा त्याच्या हस्ताक्षरासारखा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. माणूस कोणत्या वेळी कोठे होता, अशा केवळ चार नोंदी माहीत असल्या तर शंभरांपैकी पंचाण्णव माणसे इतर सर्वांपासून वेगळी ओळखता येतात, असे त्यात आढळले. रोज सकाळी एका थांब्यावर चढणारा, एका ठराविक ठिकाणी उतरणारा आणि दर गुरुवारी आणखी कोठे तरी जाणारा असा माणूस लाखांतही बहुधा एकच असतो. त्याचे नाव पुसल्याने तो पुसला जात नाही.

मालाचा मोह

वाहतूक संस्था सर्वत्र पैशांच्या विवंचनेत आहेत. भाडे वाढविले की प्रवासी आणि पक्ष दोन्ही रागावतात. अनुदान मागितले की अर्थखाते कपाळाला आठ्या घालते. अशा वेळी कोणी सल्लागार येऊन, 'तुमच्याजवळ माहितीची खाण आहे, ती विका,' असे सांगतो, तेव्हा मोह होणे स्वाभाविक आहे. जपानमध्ये पूर्व जपान रेल्वे कंपनीने २०१३ साली आपल्या 'सुइका' कार्डाच्या नोंदी, नावे काढून, हिताची या उद्योगाला विश्लेषणासाठी पुरविल्या. प्रवाशांना आधी स्पष्टपणे कळविलेले नव्हते. लोकांनी आक्षेप घेतला आणि कंपनीला ते थांबवावे लागले. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसी या सरकारी कंपनीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसे मिळविता येईल, हे अभ्यासण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली. नाव, वय, लिंग, मोबाइल क्रमांक आणि पत्ता यांसारख्या माहितीचा उल्लेख तीत होता. सार्वत्रिक टीका झाली. त्याच महिन्यात संसदेच्या स्थायी समितीपुढे, निविदा मागे घेतल्याचे कंपनीने सांगितले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे विधेयक सरकारने त्याच महिन्याच्या आरंभी मागे घेतले होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवहाराचे स्वरूप मोठे विलक्षण आहे. सामान्य मालाचा विक्रेता माल दिल्यावर मोकळा होतो. तो माल त्याच्याजवळ उरत नाही. माहितीचे तसे नाही. ती शंभर जणांना विकली तरी विकणाऱ्याकडे शाबूत राहते आणि एकदा बाहेर गेलेली परत आणता येत नाही. दुसरे असे की, या सौद्यात ज्याची माहिती तो प्रवासी पक्षकारच नसतो. त्याला किंमतही मिळत नाही आणि नकारही देता येत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सार्वजनिक वाहतूक ही बहुसंख्य प्रवाशांच्या दृष्टीने मक्तेदारी असते. अटी पसंत नसलेला ग्राहक एरवी दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या कारकुनाने कोठे जावे? अशा माणसाने मोबाइलवर 'मान्य आहे' या चौकोनात केलेली खूण म्हणजे संमती, असे मानणे हा भाषेचा अपमान आहे. आणि वाहतूक संस्था जे उत्पन्न यातून मिळवील, ते प्रवाशावर लादलेल्या अदृश्य भाड्याहून निराळे नसेल. फरक इतकाच, की या भाड्याची पावती मिळत नाही.

कायद्याचे छत्र

कायदा याविषयी अगदीच मुका नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने गणतीचे कागद कोणाला पाहता येणार नाहीत आणि ते पुराव्यात वापरता येणार नाहीत, असे स्पष्ट सांगून ठेवले. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळातील त्या शासनाला, माणसे खरे बोलावीत असे वाटत असेल तर त्यांना आधी अभय द्यावे लागते, याची पुरती जाण होती. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन हे प्रश्न विचारले गेले, तेही याच अभयाखाली. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यातही, मिळालेली माहिती केवळ सांख्यिकीसाठी वापरावी असे बंधन आहे. परंतु त्यासाठी शासनाने रीतसर अधिसूचना काढून पाहणी हाती घ्यावी लागते. एखाद्या प्राधिकरणाने सल्लागाराकडून करून घेतलेली प्रत्येक पाहणी आपोआप त्या छत्राखाली येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक महत्त्वाच्या कलमांसाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हा कायदा कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी केलेल्या कामाला त्यातील बंधनांतून सूट आहे. अटी दोन : त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेता कामा नये, आणि ठरवून दिलेली मानके पाळली पाहिजेत. सूट योग्यच आहे. तिच्यावाचून पाहण्याच होणार नाहीत. प्रश्न आहे तो दोन अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणार कोण, हा. शिवाय जी माहिती कागदावर राहिली आणि संगणकात कधी उतरलीच नाही, तिला हा कायदा लागू होत नाही. पाहणीचे जुने अर्ज गठ्ठ्यांनी रद्दीत जातात तेव्हा कायदा त्यांच्याकडे पाहत नाही.

माहिती सवलतीशी जोडली जाते तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत दिली. वय पटविण्यासाठी ओळखपत्र दाखविणे एक आणि त्या ओळखपत्राच्या क्रमांकावर प्रत्येक प्रवास नोंदविणे दुसरे. पहिले सवलतीसाठी आवश्यक आहे, दुसरे नाही. कोविडच्या काळात, १५ ऑगस्ट २०२१ पासून, लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच मुंबईच्या लोकलचा पास मिळत होता. संकटकाळात असे करावे लागते हे मान्य केले, तरी प्रवासाचा हक्क व्यक्तीच्या नोंदीशी किती सहज बांधता येतो, याचा तो प्रत्यय होता.

करावयाचे काय?

उपाय अवघड नाहीत. अवघड आहे ती त्यांसाठी लागणारी शिस्त. पहिली गोष्ट म्हणजे, ज्या प्रश्नाच्या उत्तराचे पुढे काय करावयाचे हे ठरलेले नाही, तो प्रश्न विचारूच नये. थांब्यापर्यंतचा अंदाज पुरत असेल तर घराचा क्रमांक कशाला? उत्पन्नाचा गट पुरत असेल तर नेमका आकडा कशाला? दुसरी गोष्ट, नाव आणि दूरध्वनी क्रमांक उत्तरांपासून पहिल्या दिवशीच वेगळे ठेवावेत आणि खातरजमा होताच नष्ट करावेत. ती तारीख प्रश्नावलीवरच छापावी. तिसरी, कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात माहितीची जबाबदारी स्पष्ट लिहावी आणि काम संपल्यावर तिची एकही प्रत त्याच्याकडे राहू नये. चौथी, ज्या तक्त्याच्या एखाद्या रकान्यात दोनचारच माणसे उरतात, तो रकाना प्रसिद्ध करू नये. तेथे आकडा म्हणजे माणूसच असतो. पाचवी, पाहणीची माहिती घरे पाडण्यासाठी, कर बसविण्यासाठी किंवा सवलत काढून घेण्यासाठी कदापि वापरली जाणार नाही, अशी जनगणना कायद्यासारखी कायदेशीर हमी वाहतूक पाहण्यांनाही द्यावी. आणि सहावी, निनावी प्रवासाची सोय कायम ठेवावी. हे अशक्य नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सार्वजनिक वाहतुकीची, तीन हजार रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येणारी कार्डे ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी न करता देण्यास बँकांना व इतर संस्थांना मुभा दिली. नोट आणि सुटे पैसे देऊन निनावी प्रवास करणाऱ्या सामान्य माणसाची परंपरा नव्या साधनांतही टिकू शकते, हे या निर्णयाने मान्य केले. वाहतूक संस्थांनी ही मुभा अडगळीत न टाकता तिचा प्रसार करावयास हवा.

याबरोबरच आणखी एका गोष्टीची फार गरज आहे. ज्यांना विचारले, त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. पाहणी होते, अहवाल होतो, तो इंग्रजीत जाड बांधणीत प्राधिकरणाच्या कपाटात जातो. ज्या कुटुंबांनी दारात उभे राहून उत्तरे दिली, त्यांच्या वस्तीचा कोणता मार्ग त्यातून बदलला, हे त्यांना कोणी मराठीत सांगत नाही. ठेवीदाराला बँक निदान वर्षातून एकदा खात्याचा हिशेब देते. प्रवाशाला त्याने दिलेल्या माहितीचा हिशेब एकदाही मिळत नाही. तो मिळाला, पहाटेची बंद झालेली गाडी पाहणीनंतर पुन्हा सुरू झाल्याचे वस्तीला दिसले, तर पुढच्या वेळी दारावर येणाऱ्या तरुणाला दार लावून घेणारे कमी होतील.

सार्वजनिक वाहतूक 'सार्वजनिक' आहे ती केवळ तिची मालकी शासनाची म्हणून नव्हे. कोण कोठे चालला आहे हे न विचारता सर्वांना सारख्याच भाड्यात नेणे, हा तिचा मूळ धर्म होता आणि शहरातील माणसाला जो मोकळेपणा लाभतो त्याचा मोठा भाग या न विचारण्यातून आला आहे. नियोजनासाठी आता विचारावे लागते, हे खरे. परंतु विचारण्याचा अधिकार हा विश्वस्ताचा अधिकार आहे, व्यापाऱ्याचा नव्हे. विश्वस्त ठेवीला हात लावतो तो ठेवीदाराच्या हितासाठी आणि हिशेब देण्याच्या तयारीने. वाहतूक संस्थांनी ही मर्यादा स्वतःहून पाळली नाही, तर कायदा ती आज ना उद्या लादीलच. मात्र तोवर प्रवाशाने खरे सांगणे सोडून दिलेले असेल आणि मग सर्वांत अद्ययावत संगणकातही शहराचा नकाशा चुकीचाच उमटेल.